तात्पुरती म्हणून आली आणि ठाण मांडून बसली: रशियातली कम्युनिस्ट हुकूमशाही कशी उभी राहिली

१९१७ च्या नोव्हेंबर महिन्यात रशियात निवडणूक झाली. देशाची राज्यघटना लिहिण्यासाठी संविधान सभा निवडायची होती. चार कोटींहून जास्त लोकांनी मतं दिली. खेड्यातल्या शेतकऱ्यांनी दिली, खंदकातल्या सैनिकांनी दिली, बायकांनीही दिली. इतकी मोठी आणि इतकी मोकळी निवडणूक त्या देशाने आधी कधी पाहिली नव्हती. निकाल लागला तेव्हा शेतकऱ्यांमध्ये पाळंमुळं असलेल्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली होती. लेनिनचा बोल्शेविक पक्ष, म्हणजे पुढचा कम्युनिस्ट पक्ष, पाव हिश्श्यालाही थोडा कमी पडला.

म्हणजे बोल्शेविक हरले. पण या निवडणुकीच्या जेमतेम तीन आठवडे आधी त्यांनी राजधानीतली सत्ता ताब्यात घेतली होती, आणि ती त्यांनी १९९१ पर्यंत सोडली नाही.

हे कसं झालं असं विचारलं की आपल्याकडे दोन तयार उत्तरं मिळतात. एक, लेनिन चांगला होता, स्टालिनने सगळं बिघडवलं. दोन, रशियन माणसाला झारच्या चाबकाची सवयच होती. मला दोन्ही पटत नाहीत. एकेका हत्याराची जन्मतारीख काढून बघितली, ते कोणी घडवलं आणि काय सांगून घडवलं हे पाहिलं, की वेगळंच चित्र दिसतं. जवळजवळ प्रत्येक हत्यार ‘सध्यापुरतं’ म्हणून आलं होतं. आणि ज्यांनी ते घडवलं त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मानेवर ते पुढे फिरलं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. रशियातला शेतकरी १८६१ पर्यंत जमीनदाराचा भूदास होता, जमिनीबरोबर विकला जाणारा. सुटका झाली तरी पुरेशी जमीन मिळाली नाही, आणि मिळालेल्या जमिनीचे हप्ते पिढ्यान्‌पिढ्या फेडावे लागले. १९०५ मध्ये अर्ज घेऊन राजवाड्याकडे निघालेल्या कामगारांवर झारच्या सैन्याने गोळ्या झाडल्या. १९१४ मध्ये महायुद्ध आलं आणि लाखो शेतकरी आघाडीवर गेले. १९१७ च्या फेब्रुवारीत पेट्रोग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, पावाच्या रांगांना कंटाळलेल्या बायका महिला दिनाच्या दिवशी रस्त्यावर उतरल्या. कामगार त्यांना मिळाले, मग त्यांना पांगवायला पाठवलेले सैनिकही मिळाले. आठवडाभरात झार दुसरा निकोलस पायउतार झाला. या क्रांतीत बोल्शेविकांचा वाटा फार थोडा होता. लेनिन तर तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता.

झार गेल्यावर दोन सत्ता शेजारी शेजारी नांदू लागल्या. एक हंगामी सरकार, आणि दुसरी सोव्हिएत. ‘सोव्हिएत’ हा शब्द आपल्या कानाला एखाद्या देशाचं नाव वाटतो, पण त्याचा साधा अर्थ आहे सल्लामसलतीची सभा, पंचायत. कारखान्यातले कामगार आणि पलटणीतले सैनिक हात वर करून आपले प्रतिनिधी निवडत, ती सोव्हिएत. तिच्यात अनेक पक्षांची माणसं असत आणि चर्चा अगदी मोकळी चाले. पुढे जिच्या नावाने सत्तर वर्षं राज्य चाललं ती संस्था सुरुवातीला अशी जिवंत होती, हे ध्यानात असू द्या.

हंगामी सरकारने युद्ध थांबवलं नाही आणि जमिनीचा प्रश्न संविधान सभेवर ढकलला. माझ्या मते त्याची सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. एप्रिलमध्ये लेनिन परतला तो तीन शब्द घेऊन: शांतता, जमीन, भाकरी. ज्याचा मुलगा आघाडीवर मरतोय आणि ज्याच्या शेतावर जमीनदाराचा ताबा आहे, त्याला या तीन शब्दांहून वेगळं काही ऐकायचंच नव्हतं. ‘सर्व सत्ता सोव्हिएतांना’ ही घोषणाही त्याला आपलीच वाटली. ऑक्टोबरच्या २५ तारखेला (रशियाचं पंचांग तेव्हा तेरा दिवस मागे होतं, म्हणजे आपल्या हिशेबाने ७ नोव्हेंबरला) बोल्शेविकांनी पेट्रोग्राडमधले पूल, तारघर, स्टेशनं आणि शेवटी हिवाळी राजवाडा ताब्यात घेतला. दुसऱ्याच दिवशी शांततेचा आणि जमिनीचा असे दोन हुकूमनामे निघाले. जमिनीचा हुकूमनामा बराचसा समाजवादी क्रांतिकारकांच्या कार्यक्रमातून उचललेला होता. पण शेतकऱ्याला जमीन कोणाच्या नावाने मिळते याच्याशी देणंघेणं नव्हतं, ती मिळाली यातच तो खूश होता.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिसरा हुकूमनामा आला. सरकारविरुद्ध चिथावणी देणारी वर्तमानपत्रं बंद करण्याचा. त्याच्या शेवटी स्पष्ट लिहिलं होतं की ही व्यवस्था तात्पुरती आहे, सार्वजनिक जीवन सुरळीत झालं की खास आदेशाने ती मागे घेतली जाईल. तो खास आदेश कधीच निघाला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस उदारमतवादी कॅडेट पक्षाला ‘जनतेच्या शत्रूंचा पक्ष’ ठरवून त्याच्या नेत्यांच्या अटकेचा हुकूम निघाला. डिसेंबरमध्ये गुप्त पोलिसांची संघटना उभी राहिली, तिचं नाव चेका. हा ‘असाधारण आयोग’ अशा अर्थाच्या रशियन शब्दांच्या आद्याक्षरांवरून झालेला शब्द. म्हणजे नावातच कबुली होती की हे नेहमीचं नव्हे. तिचा प्रमुख फेलिक्स झेर्झिन्स्की स्वतः अनेक वर्षं झारच्या तुरुंगात आणि हद्दपारीत काढलेला माणूस. पुढे तिची नावं बदलत गेली, ओजीपीयू, एनकेव्हीडी, केजीबी. मॉस्कोतला लुब्यांका चौकातला पत्ता मात्र तोच राहिला.

आता त्या संविधान सभेचं काय झालं ते पाहू. ५ जानेवारी १९१८ ला दुपारी ती पेट्रोग्राडच्या ताव्रिचेस्की राजवाड्यात भरली. सकाळी तिच्या पाठिंब्यासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला होता, माणसं मेली होती, त्यात कामगारही होते. सभागृहात सज्जे सशस्त्र नाविकांनी भरलेले. समाजवादी क्रांतिकारकांचे व्हिक्टर चेर्नोव अध्यक्ष निवडले गेले. बोल्शेविकांनी आपला ठराव मांडला, तो बहुमताने फेटाळला गेला, तेव्हा ते उठून निघून गेले. बाकीचे प्रतिनिधी रात्रभर बसून राहिले. पहाटे चार वाजून गेल्यावर झेलेझ्न्याकोव नावाचा एक नाविक व्यासपीठावर चढला आणि चेर्नोवना म्हणाला, सभा आटोपा, पहारेकरी दमलेत. चेर्नोवनी घाईघाईने जमीनविषयक कायद्याची कलमं वाचून मंजूर करून घेतली आणि सभा संध्याकाळपर्यंत तहकूब केली. संध्याकाळी प्रतिनिधी आले तर दरवाज्यांना कुलूप. रशियाच्या पहिल्या खऱ्या लोकनियुक्त सभेचं आयुष्य एका रात्रीचं ठरलं.

लोक का उठले नाहीत, असा प्रश्न पडतो. त्यांना जमीन मिळाली होती, सैनिक घरी परतत होते, आणि दूर राजधानीतल्या एका सभागृहाला कुलूप लागलं याचं कोणाला काय? त्याचा अर्थ कळायला शेतकऱ्याला फार वाट पाहावी लागली नाही. तीन वर्षं यादवी युद्ध चाललं, लाल म्हणजे बोल्शेविक विरुद्ध श्वेत म्हणजे त्यांचे विरोधक. शहरांना आणि सैन्याला खायला घालण्यासाठी सशस्त्र तुकड्या खेड्यांत शिरून धान्य जप्त करू लागल्या. ऑगस्ट १९१८ मध्ये लेनिनवर हल्ला झाला, त्यानंतर सरकारने ‘लाल दहशत’ अधिकृतपणे जाहीर केली आणि हजारो लोक ओलीस म्हणून मारले गेले. श्वेतांनीही अत्याचार केले, विशेषतः ज्यूंच्या कत्तली केल्या, हे लपवायचं कारण नाही. पण दोघांतला जिंकला तो पक्ष या युद्धातून सैन्याच्या शिस्तीत, हुकूम देण्याघेण्याच्या सवयीत घडून बाहेर पडला.

१९२१ च्या मार्चमध्ये पेट्रोग्राडजवळच्या क्रोनश्टाट बेटावरचे नाविक उठले. हे झारचे पाठीराखे नव्हते. १९१७ मध्ये याच नाविकांना बोल्शेविक नेता ट्रॉट्स्कीने क्रांतीचा अभिमान आणि गौरव म्हटलं होतं. त्यांची पहिली मागणी काय होती? सध्याच्या सोव्हिएत कामगार-शेतकऱ्यांची इच्छा व्यक्त करत नाहीत, तेव्हा गुप्त मतदानाने नव्या निवडणुका घ्या. म्हणजे बोल्शेविकांनी जी घोषणा देऊन सत्ता घेतली तीच नाविक त्यांच्याकडे परत मागत होते. फिनलंडच्या आखातावरच्या बर्फावरून चालत जाऊन लाल सैन्याने बेट घेतलं. मॉस्कोत त्याच वेळी पक्षाचं दहावं अधिवेशन भरलं होतं, तिथले तीनशेच्या आसपास प्रतिनिधी अधिवेशन सोडून त्या हल्ल्यात गेले. आणि त्याच अधिवेशनात लेनिनने ठराव मंजूर करून घेतला की पक्षाच्या आत गट करायचे नाहीत. केले तर हकालपट्टी.

या ठरावाकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. मला वाटतं, सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. बाहेरचे पक्ष बंद झाले होते, वर्तमानपत्रं बंद झाली होती, पण पक्षाच्या आत भांडता येत होतं. बोल्शेविक एकमेकांशी कडाकडा वाद घालत, मतदानात हरत, पुन्हा उठून बोलत. आता पाचदहा माणसांनी एकत्र येऊन वेगळं मत मांडलं तरी तो गुन्हा झाला. हाही संकटकाळचा उपाय मानला गेला होता. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्या कितीतरी जणांना पुढे याच कलमाखाली पक्षाबाहेर फेकण्यात आलं.

अधिवेशनाने शेतकऱ्याला मात्र मोकळा श्वास दिला. जप्ती थांबली, त्याऐवजी ठरावीक कर आला, उरलेलं धान्य बाजारात विकायची परवानगी मिळाली. हेच ‘नवं आर्थिक धोरण’. पण त्याच वर्षी व्होल्गा काठी भयंकर दुष्काळ पडला आणि १९२१-२२ मध्ये पन्नास लाखांच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर नव्या धोरणाने खेडी सावरली.

फायलींचा माणूस

३ एप्रिल १९२२ ला पक्षाने एका माणसाला ‘महासचिव’ नेमलं. पद कारकुनी समजलं जात होतं. सभांची कागदपत्रं तयार ठेवायची, कोणाला कुठे पाठवायचं याची नोंद ठेवायची. ट्रॉट्स्की उत्तम वक्ता, झिनोव्येव आंतरराष्ट्रीय संघटनेचा प्रमुख, बुखारिन सिद्धान्तकार. यांच्यातल्या कोणालाही ते रटाळ काम नको होतं. स्टालिनने घेतलं. पहिल्या वर्षभरातच त्याच्या कचेरीतून दहा हजारांवर नेमणुका आणि बदल्या झाल्या.

ही यंत्रणा कशी चालायची ते नीट समजून घ्यायला हवं. महासचिवाची कचेरी एखाद्या प्रांतात पक्षाचा सचिव नेमते. तो सचिव आपल्या प्रांतातून अधिवेशनाला कोण प्रतिनिधी जाणार हे ठरवतो. ते प्रतिनिधी अधिवेशनात हात वर करून केंद्रीय समिती निवडतात. केंद्रीय समिती महासचिव निवडते. चाक फिरून पुन्हा तिथेच. कागदावर प्रत्येक पायरीला निवडणूक आहे, आणि तरीही एका माणसाने नेमलेली माणसं त्याच माणसाला निवडून देताहेत. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि इथे ससा म्हणजे माणसांच्या नावांची कार्डं होती. प्रांताच्या सचिवाला तरी यात काय मिळायचं? चांगलं घर, वेगळं दुकान, गाडी, आणि ते सगळं वरच्या मर्जीवर. मर्जी गेली की दुसऱ्या दिवशी घरही जायचं.

लेनिनच्या हे लक्षात आलं, पण उशिरा. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला असताना डिसेंबर १९२२ मध्ये त्याने टिपणं सांगून लिहवली. महासचिवाच्या हातात अफाट सत्ता एकवटली आहे आणि ती तो जपून वापरेल याची खात्री वाटत नाही, असं त्यात होतं. ४ जानेवारीला त्याने पुरवणी जोडली: स्टालिन फार उद्धट आहे, त्याला त्या जागेवरून हलवण्याचा विचार करा. २१ जानेवारी १९२४ ला लेनिन गेला. मे महिन्यात ती टिपणं प्रतिनिधींना वाचून दाखवली गेली, पण छापली गेली नाहीत. झिनोव्येव आणि दुसरा बोल्शेविक नेता कामेनेव यांनीच स्टालिनला सांभाळून घेतलं, कारण त्यांना ट्रॉट्स्कीची भीती जास्त वाटत होती. मग स्टालिनने त्या दोघांना हाताशी धरून ट्रॉट्स्कीला एकटं पाडलं, बुखारिनला हाताशी धरून त्या दोघांना, आणि १९२९ पर्यंत बुखारिनलाही. प्रत्येक वेळी शस्त्र तेच, गटबाजीचं कलम. ट्रॉट्स्कीला देशाबाहेर घालवलं आणि १९४० मध्ये मेक्सिकोत मारलं. झिनोव्येव, कामेनेव १९३६ मध्ये आणि बुखारिन १९३८ मध्ये भर कोर्टात आपण सरकारविरुद्ध कट केल्याचं कबूल करून गोळीला सामोरे गेले.

शेतकऱ्याची पाळी

१९२७ च्या हिवाळ्यात सरकारला धान्य कमी पडू लागलं. सरकार देत होतं तो भाव इतका पडेल होता की शेतकरी धान्य विकण्यापेक्षा जनावरांना घालणं पसंत करत होता. भाव वाढवला असता तर प्रश्न बराचसा सुटला असता. पण कारखाने उभारण्यासाठी पैसा हवा होता, आणि तो शेतातूनच काढायचा असं ठरलं होतं. तेव्हा जप्ती परत आली, आणि १९२९ च्या अखेरीस हुकूम सुटला की सगळ्यांनी जमीन, बैल, घोडे, अवजारं सामूहिक शेतीत घालायची.

जो विरोध करेल तो ‘कुलक’. शब्दाचा मूळ अर्थ मूठ, म्हणजे गावातला मूठ आवळून ठेवणारा सावकार. पण प्रत्यक्षात ज्याच्या घरावर पत्रा आहे, ज्याच्या गोठ्यात दोन गाई आहेत, ज्याने सुगीला एक गडी ठेवला, तो कुलक ठरला. किती कुलक सापडायला हवेत याचे आकडे प्रत्येक प्रदेशाला वरून आले. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत अठरा लाखांच्या आसपास माणसं, म्हातारी, तान्ही मुलं सगळी, मालगाडीच्या डब्यांतून उरल आणि सैबेरियाला हाकलली गेली. शेतकऱ्यांनी सामूहिक शेतीत जनावर देण्यापेक्षा कापून खाल्लं. पाच वर्षांत देशातली गुरं आणि घोडे निम्म्यावर आले. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बैल मारणं म्हणजे काय, हे शेतीवाडीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

नांगरणीला घोडे नाहीत, गावातला जाणता शेतकरी सैबेरियात, आणि वसुलीचा आकडा मात्र चढताच. १९३२ चं पीक कमी आलं. ७ ऑगस्टला कायदा झाला की सामूहिक मालमत्तेची चोरी केली तर गोळी, आणि काही सूट द्यावीशी वाटली तर दहा वर्षं कैद. लोक त्याला ‘कणसांचा कायदा’ म्हणत, कारण कापणी झालेल्या शेतातून चार कणसं वेचणारी भुकेली बाई आणि पोरंसुद्धा त्यात अडकत होती. वसुली पूर्ण न करणाऱ्या युक्रेनमधल्या गावांची नावं काळ्या यादीत गेली, तिथे मीठ, काडेपेटी, रॉकेल काहीच पोचू दिलं जाईना. डिसेंबरमध्ये देशांतर्गत पासपोर्ट आले. शहरी माणसाला मिळाला, शेतकऱ्याला बहुतेक ठिकाणी नाही. जानेवारी १९३३ मध्ये युक्रेन आणि दक्षिण रशियातल्या कुबान भागातल्या शेतकऱ्यांना तिकिटं द्यायची नाहीत, निघालेल्यांना पकडून परत पाठवायचं असा आदेश निघाला. माणूस उपाशी आहे, आणि त्याला अन्न असेल तिकडे जाण्याचीही बंदी. त्याच १९३२ सालात १५ लाख टनांहून अधिक धान्य परदेशी विकलं गेलं.

युक्रेनमध्ये ३५ ते ३९ लाख माणसं मेली. कझाकस्तानात गुरं चारत फिरणाऱ्या लोकांना जबरदस्तीने एका जागी बसवून त्यांची जनावरं काढून घेतली, तिथे १५ लाखांच्या आसपास गेली, त्यात एक तृतीयांशाहून जास्त कझाक समाज संपला. व्होल्गा आणि कुबानकडचे मृत्यू वेगळेच.

वर्तमानपत्रांत या दुष्काळाची एक ओळही आली नाही. पण मेलेली माणसं एका ठिकाणी दिसलीच, खानेसुमारीत. १९३४ च्या अधिवेशनात स्टालिनने देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख असल्याचं सांगितलं होतं. ६ जानेवारी १९३७ च्या रात्री मोजदाद झाली. तीन वर्षांची वाढ धरून आकडा कितीतरी पुढे जायला हवा होता. तो निघाला १६ कोटी २० लाख. शिवाय धर्माचा प्रश्न विचारला होता, त्याला निम्म्याहून जास्त प्रौढांनी ‘आस्तिक’ असं उत्तर दिलं, वीस वर्षांच्या नास्तिक प्रचारानंतर. सरकारने ती खानेसुमारी रद्द केली. ती घेणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना अटक झाली, खानेसुमारीचा प्रमुख ओलिम्पी क्विट्किन याला गोळी घातली गेली. १९३९ मध्ये नवी मोजदाद झाली आणि आकडा १७ कोटींवर गेला. त्या माणसांनी फक्त बरोबर मोजलं होतं, आणि त्याची ही शिक्षा.

चार महिन्यांचं काम

१ डिसेंबर १९३४ ला लेनिनग्राडमध्ये (पेट्रोग्राडचं नवं नाव) पक्षाचा नेता सेर्गेई किरोव याचा खून झाला. त्याच दिवशी नियम निघाला: दहशतवादाच्या खटल्यांचा तपास दहा दिवसांत संपवा, अपील नाही, शिक्षा लगेच अमलात आणा. पुन्हा एकदा असाधारण प्रसंगासाठी असाधारण नियम. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ‘विजेत्यांचं अधिवेशन’ म्हणून भरलेल्या सतराव्या अधिवेशनाला १,९६६ प्रतिनिधी होते, त्यातले १,१०८ पुढे पकडले गेले.

पण मारले गेलेल्यांत पुढारी मूठभरच होते, सामान्य माणूसच जास्त होता. ३० जुलै १९३७ ला एनकेव्हीडीचा ००४४७ क्रमांकाचा आदेश निघाला. जुने कुलक, धर्मगुरू, पूर्वी शिक्षा भोगून आलेले, पूर्वी इतर पक्षांत असलेले, अशांचे दोन वर्ग करायचे. पहिला वर्ग गोळी, दुसरा आठ ते दहा वर्षं छावणी. प्रत्येक प्रांताचा कोटा तक्त्यात छापलेला. एकूण पहिल्या वर्गात ७५,९५०, दुसऱ्यात १,९३,०००. निकाल तिघांची समिती देणार, आरोपी समोर नाही, वकील नाही. एका बैठकीत शेकडो नावं. ५ ऑगस्टला सुरू करून चार महिन्यांत मोहीम संपवायची होती.

ती संपली नोव्हेंबर १९३८ मध्ये. प्रांतांनीच वाढीव कोटे मागितले. धान्य वसुलीत जे घडलं होतं तेच आता माणसांच्या बाबतीत घडत होतं. ज्याने कमी शत्रू शोधले त्याच्यावरच संशय, म्हणून प्रत्येक अधिकारी आधीच आकडा वाढवून मागे. विदेशी वंशाच्या लोकांविरुद्ध वेगळ्या मोहिमा चालल्या, त्यांतल्या पोलिश मोहिमेतच एक लाखावर माणसं मारली गेली. सरकारच्या स्वतःच्या कागदांप्रमाणे या दोन वर्षांत ६,८१,६९२ लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. मॉस्कोजवळच्या बुटोवो इथल्या एकाच मैदानात वीस हजारांवर माणसं पुरली आहेत. यगोदा, येझोव, बेरिया हे गुप्त पोलिसांचे तीन प्रमुख, तिघेही शेवटी गोळीनेच मेले.

याच लाटेत आपलीही माणसं गेली. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय लेनिनग्राडमध्ये संशोधक होते. आयुष्यभर इंग्रजांच्या हेरांना चुकवत फिरलेला हा क्रांतिकारक सप्टेंबर १९३७ मध्ये मारला गेला. ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना करणाऱ्यांपैकी अबनी मुखर्जी ऑक्टोबरमध्ये गेले. आमच्या लहानपणी घरात ‘सोव्हिएत देश’ मासिक यायचं. त्याच्या गुळगुळीत पानांची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो, ट्रॅक्टरवर बसलेल्या हसऱ्या बाईचा फोटो समोर येईल अशी. ती बाई खोटी नव्हती. साक्षरता खरोखर वाढली होती, खेड्यातल्या मुली इंजिनिअर आणि डॉक्टर झाल्या होत्या, आणि हिटलरला रोखताना त्या देशाने २ कोटी ७० लाख माणसं गमावली. या देशाबद्दल आपल्याकडच्या कामगाराला आपुलकी वाटली, अण्णा भाऊ साठेंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, त्यात गैर काही नव्हतं. पण त्या मासिकात चट्टोपाध्यायांचं काय झालं ते कधी वाचायला मिळालं नाही.

१२ डिसेंबर १९३७ ला, गोळ्या चालू असतानाच, नव्या राज्यघटनेखाली पहिली निवडणूक झाली. घटनेत भाषणस्वातंत्र्य होतं, गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एकच नाव होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. छावण्यांच्या जाळ्यातून, म्हणजे गुलागमधून, १९३० ते १९५३ या काळात पावणेदोन कोटींच्या वर माणसं गेली. ५ मार्च १९५३ ला स्टालिन मेला. १९५६ मध्ये नवा पक्षप्रमुख ख्रुश्चेव याने बंद दाराआड त्याच्या गुन्ह्यांवर भाषण केलं, छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. हुकूमशाही सौम्य झाली, पण गेली नाही. आता विरोधकाला गोळी न घालता वेड्यांच्या इस्पितळात टाकत. एका पक्षाच्या नेतृत्वाला मान्यता देणारं कलम घटनेतून १९९० मध्ये निघालं आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत संघच राहिला नाही.

मारलेल्यांच्या घरच्यांना काय सांगितलं गेलं होतं, ते राहिलं. तुरुंगाच्या खिडकीशी रांगेत उभ्या राहिलेल्या बायकोला उत्तर मिळे, ‘दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही.’ ती दहा वर्षं मोजत बसे. नवरा त्याआधीच बुटोवोसारख्या एखाद्या मैदानात पुरलेला असे. दहा वर्षं सरली, आणखी काही सरली. १९५५ मध्ये केजीबीने आपल्या कचेऱ्यांना सूचना दिली की नातेवाइकांना खोटी तारीख आणि खोटं कारण सांगा. मग १९३८ मध्ये गोळी घातलेल्या माणसाचा दाखला यायचा, मृत्यू १९४३, छावणीत, न्यूमोनियाने. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खऱ्या तारखांचे दुसरे दाखले मिळू लागले. एका बापाची दोन मृत्युप्रमाणपत्रं कपाटात असलेली घरं रशियात कितीतरी आहेत.

१९९० मध्ये सोलोवेत्स्की बेटांवरून, जिथे १९२३ मध्ये छावणी उघडली होती, एक मोठा दगड आणून लुब्यांका चौकात बसवला. २००७ पासून दर वर्षी २९ ऑक्टोबरला तिथे लोक जमायचे. सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत रांग, हातात मेणबत्ती आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, वय, धंदा आणि गोळी घातल्याची तारीख. आपली पाळी आली की माइकपाशी जाऊन ते वाचायचं. पुष्कळ जण शेवटी थांबून, चिठ्ठीत नसलेलं एक नाव जोडत, ‘आणि माझे आजोबा.’ २०२० पासून तिथे हा कार्यक्रम करायला परवानगी मिळालेली नाही आणि तो भरवणारी ‘मेमोरियल’ ही संस्था २०२१ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या हुकमाने बंद झाली. तरी त्या तारखेला लोक दगडापाशी फुलं ठेवून जातात.